शेळी कुठं बांधली?

जवळा बाजार गावात कौशल्याबाई तोंडाची फाटकी म्हणून ओळखली जाते. शेळ्या राखण्यात जन्म गेला, कुणाच्या बापाला भ्यायली नाही. माणसांपेक्षा शेळ्यांना अक्कल जास्त, असं ती चारचौघांत म्हणते, आणि म्हणते तेही बरोबरच.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिची गाभण शेळी गायब झाली. हाक मारली की कुठूनही ओ देणारी शेळी, पण सगळं शिवार चिडीचूप. चोरानं तोंड बांधून दडवलीय, हे बाईनं ओळखलं. दिवस भरलेले, त्यात पाणी नाही. लवकर सोडवली नाही तर गेलीच.

दुपारी बाजारात चोर सापडला, पुंजाजी नावाचा. शेळी न दाखवताच सौदा करताना त्यानं खूण म्हणून कानावरची खाच सांगितली आणि व्यापाऱ्यानं त्याची मानगूट धरली; ती खाच कौशल्याबाईच्याच शेळ्यांना असते. पुंजाजी लगेच कबूल झाला. "व्हय, म्या नेली. चला, दावतो..."

"दावतो काय? आधी शिक्षा!" दत्तोपंत ओरडले. हे रिटायर कारकून. जन्मात यांची चप्पलसुद्धा चोरीला गेली नाही, पण मोबाईलवर चोर झोडपल्याचे व्हिडिओ बघून बघून हात सदा शिवशिवायचे. "कोर्टाच्या भरवशावर राहिलात तर हा उद्या सुटतो. फोडा याला!"

झालं! शेळी कुणाची हेही ज्यांना ठाऊक नव्हतं तेसुद्धा धावले. एकानं तर भजी खाता खाता लाथ घातली.

"अरे मुडद्यांनो, थांबा!" बाई गर्दीत घुसली. "शेळी कुठं बांधली ते तर इचारू द्या!"

"मावशी, तुमच्यासाठीच मारून राहिलो," मोबाईल उंच धरलेला एक जण म्हणाला. "बाजूला व्हा, मधी येऊन राहिल्या तुमी."

पुंजाजी बेशुद्ध पडला तेव्हा कुठं हात थांबले. पोलिसांनी त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. घाम पुसत दत्तोपंत म्हणाले, "कौशल्याबाई, न्याय झाला बरं का!"

"मग चला, शेळी हुडकू लागा. एवढे जण हाव."

बघता बघता सगळे पांगले. दत्तोपंतांची जेवायची वेळ टळत होती. बाई एकटीच अंधार पडेस्तोवर रानोमाळ फिरली.

दोन दिवसांनी पुंजाजी शुद्धीवर आला आणि त्यानं सगळ्यात आधी जागा सांगितली. नाल्याकाठच्या बाभळीखाली शेळी मरून फुगली होती. पोटातली पिल्लंही गेली.

दत्तोपंतांना कळलं तसे ते भडकलेच. "मुकं जनावर मारलं हरामखोरानं! फाशीच पाहिजे अशाला!"

बाई त्यांच्या उंबऱ्यावर पचकन थुंकली.