कुंडलिकची दुबईतली भाकरी

आमच्या कुंडलिकला वेल्ह्याच्या बाजारात कुणीही विचारावं, दुबई कशी आहे? तो सांगतो, "खोली लई गार हुती." त्याच्यापुढं गाडी सरकत नाही. उंच इमारती, समुद्र, सोन्याची दुकानं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. पण गडी तिथं होता तेवढे दिवस एकाच कोड्यात अडकला होता, आणि ते कोडं जेवणाचं होतं.

मी एसटीत कंडक्टर होतो, म्हणून सगळं गाव मला मास्तर म्हणतं. कुंडलिक माझा लहानपणापासूनचा दोस्त. तोरण्याच्या पायथ्याला त्याची भातखाचरं, घरी बायको ठकुबाई, एक म्हैस आणि सोनिया ही एकुलती एक लेक. सोनिया शिकून नर्स झाली, भोरच्या स्वरूपशी लग्न करून दुबईला गेली. तो तिकडं एसी दुरुस्त करतो. पोरगा सोन्यासारखा आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूलबाळ नव्हतं.

आता आमच्याकडं जुन्या माणसांची एक रीत आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. काही जण तर पाणीसुद्धा पीत नाहीत. का, ते मला विचारू नका, मी विचारून थकलो. माझी लेक किकवीला दिलीय. लग्नाला पंधरवडा होतोय न होतोय तोच मी तिच्याकडं मटण हाणून आलो, तर कुंडलिकनं मला वर्षभर टोमणे मारले. त्याच्या बापानं रीत पाळली, म्हणून त्यानंही पाळायची. एवढंच त्याचं शास्त्र.

सोनियाचा फोन आला, "आण्णा, एकदा येऊन जावा. माझ्या हातचं जेवून जावा." तिकीटही तिनंच काढलं. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, म्हणून हा जायला तयार झाला. पण अट घातली की राहणार दुसरीकडं आणि खाणार घरचं. एका छपराखाली राहून ताट नाकारायचं म्हणजे लेकीचा अपमान, असं त्याचं म्हणणं. म्हशीमुळं ठकुबाईला घर सोडता येईना. तिनं नाचणीच्या भाकरी तव्यावर कडक केल्या, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी कुटली, वर इंद्रायणी तांदळाची पिशवी बांधून दिली.

मी म्हणालो, "लेकीनं काढलेलं तिकीट चालतं, आणि तिचा भात चालत नाही होय रे?"

"तिकीट काय पोटात जातंय का, मास्तर?" तो म्हणाला. यावर मी काय बोलणार, कपाळ.

पण खरा गोंधळ विमानातच सुरू झाला. विमानात वाढणाऱ्या पोरीनं ताट पुढं ठेवलं. हे जेवण कुणाचं? विमानवाल्याचं की तिकीट काढणाऱ्या लेकीचं? त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं ताट तसंच परत केलं आणि पिशवीतली भाकरी मोडली.

स्वरूपनं घरामागच्या गल्लीतल्या एका हॉटेलात खोली घेऊन ठेवली होती. खोलीत पांढरीशुभ्र गादी, पाणी तापवायची विजेची किटली आणि गार वारा. कुंडलिक गादीवर बसला नाही. खाली सतरंजीसारखं काहीतरी होतं त्यावर मांडी घालून भाकरी-चटणी खाल्ली. दुपारी लेकीच्या घरी गेला. तिनं आल्या आल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. यानं आपली बाटली दाखवली. सोनिया तांब्या आत घेऊन गेली. रोज हेच. बाप लेकीच्या घरी बसायचा, गप्पा मारायचा, जेवायची वेळ झाली की उठून हॉटेलात जायचा.

एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं, की ही खोली तरी कुणाची? पैसे जावयानं भरलेत. म्हणजे आपण जावयाच्याच घरात बसून जेवतोय की काय? त्यानं ठकुबाईला फोन लावला.

"भाकरी कुणाची हाय?" तिनं विचारलं.

"आपली."

"मग खावा गुमान."

पण खाणार किती दिवस? भाकरीवर बुरशी आली. मग यानं किटलीत तांदूळ घातले. भात कुठला होतोय, पेज फसफसून टेबलावर आली, तिथून खाली सतरंजीवर. कुंडलिक खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसत असतानाच सोनिया दारात उभी राहिली. ड्युटी संपवून हॉस्पिटलच्या कपड्यांतच आली होती. आधी ती हसली. मग तिथंच गादीच्या कडेला बसली आणि रडायला लागली.

"आण्णा, हे काय चाललंय तुमचं?"

"जरा उतू गेली गं. पुसतोय की."

"त्याचं न्हाई म्हणत मी." तिनं डोळे पुसले. "तुमी नातवंडाची वाट बघताय. ते यायचं न्हाई. दोन ऑपरेशनं झाली माझी. डॉक्टरांनी सांगून टाकलंय. फोनवर कसं बोलू, म्हणून बोलावलं तुमाला."

कुंडलिकच्या हातात टॉवेल तसाच राहिला. लेक दोनदा कापली गेली आणि आपल्याला पत्ता नाही, हे आधी त्याच्या मनात शिरेचना. त्यानं भलतंच विचारलं, "आणि कुणा चांगल्या डॉक्टरला..."

"मीच नर्स हाय, आण्णा. सगळं करून झालंय." मग तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "आता तुमीच सांगा. माझ्या घरी तुमी कधी जेवायचं?"

तो पुन्हा वाकून सतरंजी पुसायला लागला. ती "सैपाक व्हायचाय" म्हणून निघून गेली.

त्यानं मला फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "मास्तर, मूल हुईपतोर जेवायचं न्हाई, हे ठाव हाय. पर मूल व्हायचंच नसंल तर रीत संपती, का मरंपतोर चालती?"

जन्मभर मी या रीतीवर तोंडसुख घेतलं. पण पोरीचं ऐकून मलाच भडभडून आलं होतं. मी म्हणालो, "मला नाही रे ठाऊक."

"तुला बी न्हाई?" तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बाप असता तर विचारलं असतं, असं त्याच्या मनात आलं म्हणे. पण बापाच्या चारी लेकी लेकुरवाळ्या, त्याला तरी हा पेच कुठं पडला होता? नियम मोडला तर लेकीचं वाईट होईल का, ही त्याची भीती. आणि अजून वाईट काय व्हायचं राहिलंय, हेही त्याला कळेना. असा गरगरत तो उठला आणि पायात चपला घालून गल्ली ओलांडून गेला.

दार स्वरूपनं उघडलं. दोघं जेवायलाच बसत होते. कुंडलिक आत जाऊन भिंतीला टेकून बसला.

"वाढ," तो म्हणाला.

सोनियाला कळलंच नाही. "काय वाढू?"

"जे केलं आसंल ते. वाढ म्हणतोय न्हवं."

वरणभात होता आणि भेंडीची भाजी. दोघांपुरतंच केलेलं. सोनिया पळी घेऊन उभीच राहिली, आणि यानं ताट रिकामं केलं की पुन्हा वाढायची. स्वरूप मुकाट्यानं किचनमध्ये जाऊन दुसरा कुकर लावून आला. बाप म्हणाला, "मीठ कमी पडलंय." त्यावर लेक रडता रडता हसली, असं त्यानं मला सांगितलं. पुढचे सगळे दिवस तो तिच्याकडंच जेवला. झोपायला मात्र हॉटेलात.

घरी आल्यावर त्यानं ठकुबाईला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "माझं बी तिकीट काढाय सांगा तिला. म्हशीचं बगू कायतरी."

परवा आम्ही वेल्ह्याच्या स्टँडवर चहा घेत होतो. आमच्या गावचा सोनबा तिथंच होता. बोलता बोलता कुंडलिक सांगून गेला की तो लेकीच्या घरी जेवला. सोनबानं कप खाली ठेवला. आमच्याकडं या वाक्याचा अर्थ एकच होतो.

"आरं वा," तो म्हणाला. "आन् पेढं कुठायत? नातू का नात?"

मी पटकन काहीतरी बोलून विषय फिरवणार होतो. कुंडलिकनं मला हातानं थांबवलं. त्याचा चेहरा तसाच गोंधळलेला होता, विमानात ताट पुढं आलं तेव्हा असणार तसा.

"दोन्ही न्हाई," तो म्हणाला. "लेक हाय की माझी. तिच्यासाठी जेवलो."