एकोणीस बायका आणि एकच पत्ता

ब्रिस्टलला जायचं माझ्या मनातही नव्हतं. सुधामावशींचा फोन आला, शनिवारी ये, पूल दाखवते, जुनी बोट दाखवते, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सुधामावशी म्हणजे आईची नागपूरची मैत्रीण, तीस वर्षांहून जास्त काळ ब्रिस्टलमध्ये. मी वॉटफर्डला येऊन दोन वर्षं झाली तरी त्यांना कधी मला पूल दाखवावासा वाटला नव्हता. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, लॅपटॉप आण आणि सोमवारची रजा टाक. पूल बघायला लॅपटॉप कशाला लागतो?

माझा धंदाच संशयाचा आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. तेव्हा हे प्रवासवर्णन वाचताना निसर्गसौंदर्याची फार अपेक्षा ठेवू नका.

वॉटफर्डहून गाडीने जाणं सोपं आहे. एम-२५, मग एम-४, शेवटी एम-३२ धरला की थेट शहरात. नकाशा घरूनच प्रिंट करून घ्या आणि सकाळी आठच्या आत निघा, नाहीतर हीथ्रोपाशी अडकाल. हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे थांब्यांवर, सँडविच घेऊ नका, महाग आणि गारढोण. मी पराठे नेले होते. सव्वादोन तासांत ईस्टन, म्हणजे ब्रिस्टलमधला मावशींचा भाग, गाठलं. रस्ते अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली, कोपऱ्यावर ताजी मेथी मिळणारं दुकान. गाडी रस्त्यावरच लावता आली.

शनिवारी खरोखरच पूल बघितला. क्लिफ्टनचा झुलता पूल पायी फुकट ओलांडता येतो आणि खाली नदीपर्यंतची खोली बघून आपण कठडा घट्ट धरतो. बोटीचं तिकीट महाग आहे, पण तेच वर्षभर चालतं. मी फोटो काढत होते आणि मावशी सारखं घड्याळ बघत होत्या.

घरी येऊन पिठलं-भात झाल्यावर कागद बाहेर आले. मावशी आणि त्यांच्याबरोबरच्या काहीजणींनी मिळून एका हॉलमध्ये दर मंगळवारी बायकांचा वर्ग सुरू केला होता. नाव इंग्लिशच्या क्लासचं. पण तिथे डॉक्टरशी स्वतः कसं बोलायचं, मतदार म्हणून नाव कसं नोंदवायचं, आपला पासपोर्ट आपल्याजवळ ठेवायचा हक्क कसा असतो, हेही शिकवत. पंजाबी, सोमाली, बांगलादेशी, आपल्या दोन-तीन मराठी. याच बायकांनी कौन्सिलच्या मागे लागून शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग करून घेतलं होतं. आता हॉलच्या ट्रस्टला मंगळवार एका जिमला द्यायचा होता. ट्रस्टचं म्हणणं होतं, वर्गाला येतंच कोण? निदान पंधराजणींच्या घरच्या पत्त्यांसह अर्ज सोमवारी बारापर्यंत द्या, नाहीतर वर्ग बंद. तो अर्ज नीट टाइप करायला मी हवी होते.

मी ट्रस्टने परत केलेला आधीचा अर्ज बघितला. एकोणीस नावं, त्यांपुढे सह्या, आणि एकोणीस वेळा एकच पत्ता, त्या हॉलचाच. माझ्या हापिसात असा डेटा आला असता तर मी तो डोळे झाकून खोटा ठरवला असता. मावशींकडे बघितलं. त्या भांडी घासत होत्या.

"हे पत्ते असे का?" मी विचारलं.

"तसंच ठरलं होतं आमचं," त्या म्हणाल्या. "उद्या घरोघरी जाऊ. पंधरा मिळतील."

आणि बाकीच्या चौघी? मावशींनी नळ जोरात सोडला.

रविवारी आम्ही पायी फिरलो. पंधरा दारं, सात कप चहा, एका सोमाली आजींकडे समोसेही. प्रत्येक बाई खरी निघाली. एकीने तर सही करायच्या आधी लिपस्टिक लावली. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं डोकं त्या चार नावांभोवती फिरत होतं. काही गल्ल्या आल्या की मावशी मुद्दाम वळून जात होत्या, असं मला वाटलं. एवढी वर्षं समाजकार्य करणारी बाई, आणि चार खोटी नावं घुसडते? पंधरा खऱ्यांच्या आड लपलेली ही चार उघडी पडली तर माझ्या लॅपटॉपवरून गेलेला अर्ज म्हणजे मीही त्यात आलेच. माझा वर्क व्हिसा आहे, विसरू नका.

दुपारी मावशी आडव्या झाल्या. फोनपाशी तिथल्या मराठी मंडळाच्या पत्त्यांची यादी होती. त्या चार नावांपैकी एक तिथे सापडलं. वैशाली. घर दहा मिनिटांवर.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. विमानाच्या कंपनीत इंजिनियर, पुण्याचा, स्वच्छ मराठी, पायात घरातल्या स्लिपर. "या ना, चहा घ्या," म्हणाला. इतका वेळ सगळ्यांवर संशय घेणारी मी त्याच्याशी एकदम मोकळेपणाने बोलले. आपल्यातला वाटला. तो जुना अर्ज दाखवला. वैशालीची सही तिचीच आहे ना, विचारलं.

तो हसला. "क्लास? मंगळवारी ती चॅरिटी शॉपमध्ये मदतीला जाते."

जिन्यावर ती उभी होती, हातात वाळलेल्या कपड्यांची चळत. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नाही केली सही. कुणीतरी उगाच नाव घातलं असेल."

"तुम्ही विचारायला आलात ते बरं केलंत," तो म्हणाला आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला.

मी जवळजवळ उड्या मारत परतले. चोरी पकडली होती ना! मावशींना सगळं सांगितलं, अगदी चढ्या आवाजात. त्यांनी कोट चढवला, दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच थांबल्या. मग कोट काढून परत खुंटीला लावला.

"आता मी तिथे गेले तर तिच्या नवऱ्याची खात्रीच पटेल," त्या म्हणाल्या.

मग सांगितलं. चौघींच्या घरी वर्गाचं माहीत नव्हतं. त्या चौघींनीच पत्ता लपवला असता तर त्याच चौघी नजरेत आल्या असत्या. म्हणून बाकीच्या पंधराजणींनीही स्वतःचा पत्ता लिहिला नाही. वैशालीचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात असतो. तो परत कसा मागायचा, कुणाला फोन करायचा, हे ती तीन महिने शिकत होती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"ते माझं सांगायचं नव्हतं. आणि मंजू, तू तिच्यासाठी नव्हतीस गेली. मला पकडायला गेली होतीस."

लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

सोमवारी साडेअकराला पंधरा पत्त्यांचा अर्ज दिला. ट्रस्टच्या बाईंनी एकेक ओळ बोटाने तपासली आणि शिक्का मारला. मंगळवार वाचला. पंधरा पुरेशा होत्या, सोळाव्या दाराची गरज कुणालाच नव्हती. परतीच्या वाटेवर एम-४ रिकामा होता. मी एकदाही थांबले नाही.

वॉटफर्डला परत येऊन आता दोन महिने झाले. ब्रिस्टलला जरूर जा, पूल बघा, ईस्टनमधले समोसे खा. नावं, गल्ल्या आणि नोकऱ्या मी इथे बदलल्या आहेत, शोधायच्या भानगडीत पडू नका. मावशींना फोन करायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. परवा केला. वर्ग जोरात चाललाय, म्हणाल्या. मग मीच वैशालीचं विचारलं.

मावशींना ती एकदा मेथीच्या दुकानात दिसली होती. नवरा बास्केट धरून बाजूला उभा. वैशालीने मावशींकडे बघितलं आणि अनोळखी बाईकडे बघावं तशी नजर फिरवली.

"मीही ओळख दाखवली नाही," मावशी म्हणाल्या. "मंगळवारी तिची खुर्ची मात्र अजून मांडते."