पळायचे बूट, नुसते फिरायला

बुटांच्या दुकानात काम केलं की दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकामे खोके आणि किस्से. खोके आम्ही दर शनिवारी भंगारवाल्याला देतो. किस्से कुणी नेत नाही. परवा माझी बहीण म्हणाली, तुझ्या दुकानातलं काहीतरी हसायचं सांग. मी सांगायला लागले, तर तिसऱ्या किश्श्याला तिने मला थांबवलं. "वैशाली, हे हसायचे आहेत?"

तोवर मला वाटत होतं, आहेत.

आमचं दुकान लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत. माणसं तीन: मालक, गायकवाडकाका आणि मी. काकांना इथे चाळीस वर्षं झाली, मला अकरा. लोक हल्ली आमच्याकडे बूट घालून बघतात, नंबर लक्षात ठेवतात आणि घरी जाऊन मोबाईलवरून मागवतात. त्यामुळे गेल्या वर्षी मालकांनी शेवटचा उपाय म्हणून एक अख्खी भिंत रेट्रो रनरची केली. म्हणजे जुन्या पद्धतीचे पळायचे बूट. पातळ तपकिरी सोल, बाजूला पट्ट्या, पुढे स्वेडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा तुकडा. पोरं ते जीन्सवर घालतात, ऑफिसला घालतात, लग्नातल्या संगीताला नाचायलाही घालतात.

पहिला खोका काकांनी उघडला. बूट उलटा करून पाहिला, वास घेतला.

"हे मी विकलेत पूर्वी," ते म्हणाले. "तेव्हा लोक पळायला न्यायचे."

"आता फिरायला नेतात," मालक म्हणाले.

"मग पळतात कशात?"

"जिममध्ये, काका. फिरत्या पट्ट्यावर."

काकांनी बूट परत कागदात गुंडाळला. "म्हणजे पळतात तिथेच आणि राहतात तिथेच," एवढंच म्हणाले आणि पुढचा खोका उघडला.

* * *

भिंतीचं पहिलं नियमित गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त बँक अधिकारी. सदाशिव पेठेत राहायचे, एकटे. दर बुधवारी दुपारी चार वाजता यायचे, आठ नंबरचा हिरवा जोड मागायचे, मी नाडी बांधून द्यायची आणि ते दुकानात फेऱ्या मारायचे. दारापासून आरशापर्यंत, आरशापासून दारापर्यंत. फेऱ्या मारताना बोलायचे. मुलगी कॅनडात, तिच्याकडे आता बर्फ किती, बायको असताना मंडईतून भाजी कोण आणायचं, असं सगळं. अर्ध्या तासाने बूट काढून म्हणायचे, "जरा विचार करतो."

असे सात-आठ बुधवार गेल्यावर मालक वैतागले. त्यांनी भिंतीवर पाटी लावली: 'ट्रायल म्हणजे खरेदी नव्हे, पण फेरफटकाही नव्हे.'

पुढच्या बुधवारी आजोबांनी चष्मा वर करून पाटी दोनदा वाचली. मला वाटलं, आता अपमान होऊन जातील. त्यांनी शांतपणे बसून पाय पुढे केला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, इतके आवडलेत तर आज घेऊनच टाका ना."

"घेतले तर पुढच्या बुधवारी काय करू?"

मी नाडी बांधली. पाटी मालकांनी त्याच संध्याकाळी काढली, आणि का काढली ते आम्हाला कुणालाही सांगितलं नाही.

* * *

हिंजवडीला नोकरी करणारं एक जोडपं आलं होतं. लग्न दीड महिन्यावर. लग्नाआधीच्या फोटोंसाठी दोघांना एकसारखे रेट्रो हवे होते, पांढऱ्यावर लाल पट्टी. तो पंचवीस मिनिटं फोनवर होता. तिने त्याच्यासाठी बूट निवडला, त्याच्यासमोर बसून अंगठा दाबून पाहिला, पुढे जागा आहे का म्हणून. तो फोनवरच मान हलवत होता.

तीन आठवड्यांनी ती एकटी आली. दोन्ही खोके पिशवीत, दोन्ही जोडांचे सोल कोरे. परत द्यायचे होते. आमच्याकडे त्यासाठी एक फॉर्म आहे, त्यात कारण लिहावं लागतं. मी म्हटलं, राहू दे, मी भरते. पण तिने पेन घेतलं, बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'घालून बघितल्यावर कळलं.'

मालकांनी वाचलं आणि विचारलं, "काय कळलं? फिटिंग?"

"हो," ती म्हणाली. "लिहा फिटिंग."

* * *

विक्री काही वाढेना. मग मालकांना सुचलं, की आपणच हे बूट घातले पाहिजेत, म्हणजे लोक बघतील. तोवर दुकानात काळ्या चामडी बुटांचा नियम होता. काकांनी चाळीस वर्षं काळे बूट घातले होते, तेही दिवसभर उभं राहून. मालकांनी त्यांना निळा जोड दिला. मी बूट चढवून द्यायला खाली बसले, तर काका पाय मागे घेत म्हणाले, "ऊठ. लोकांचे पाय धरतेस तेवढं पुरे."

त्या दिवशी काका खुशीत होते. येईल त्याला पाय पुढे करून दाखवत होते. हलके आहेत, मऊ आहेत, काही घातलंय असं वाटतच नाही. त्यांच्या या एका वाक्यावर त्या दिवशी तीन जोड गेले. तसं आधी कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी आवराआवर करताना काका स्टुलावर बसले आणि उजवा बूट काढला. मोजा पुढून लाल झालेला होता. बुटात नंबराच्या टॅगची पिन राहिली होती, ती अंगठ्याखाली घुसली होती. सकाळपासून.

काकांना साखरेचा त्रास आहे हे मला माहीत होतं. पायांपर्यंत गेलाय हे माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही नव्हतं. मी घाबरून मालकांना हाक मारली. काका मोज्याकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाच्या पायातला असावा तसं.

"मी म्हणतच होतो ना," ते म्हणाले. "काही घातलंय असं वाटतच नाही."

पुढे दोन बोटं काढावी लागली. दीड महिन्याने ते परत आले. आता मालकांनी त्यांना गल्ल्याशेजारी खुर्ची दिली आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते दुकानात बसून काम करतात.

* * *

काका खुर्चीवर आल्यानंतरची गोष्ट. निखिल नावाचा एक मुलगा, असेल अठ्ठावीस-एकोणतीसचा, राखाडी रेट्रो घेऊन गेला होता. आमच्याकडचेच राखाडी मोजेही, तीन जोड, वर बारीक निळी रेघ असलेले. खराडीला ऑफिस आहे, तिथे रोज कॅज्युअल चालतं, असं म्हणाला होता.

दोन महिन्यांत तो तक्रार घेऊन आला. टाचेखालचा सोल गुळगुळीत झाला होता आणि एका बाजूने उसवला होता. मी बूट काकांकडे दिला. काकांनी सोलवरून अंगठा फिरवला आणि आवाज खाली करून त्याला म्हणाले, "हे बूट ऑफिसात बसलेले नाहीत."

तो स्टुलावर टेकला. मी पाणी दिलं. मग हळूहळू सांगायला लागला. कंपनीने जानेवारीतच काढलं होतं. घरी आई एकटी. ती सरकारी हॉस्पिटलात नर्स होती, तिने एकटीने याला शिकवलं. त्यांच्या वस्तीतला हा पहिला इंजिनिअर. याचा पदवीचा फोटो तिने बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला आहे. त्या फोटोखाली बसून हे सांगायचं कसं, ते त्याला कळत नव्हतं. म्हणून रोज साडेआठला बॅग आणि डबा घेऊन निघायचं, कात्रजहून बसने स्वारगेटला यायचं आणि संध्याकाळपर्यंत चालायचं. बागेत फार वेळ बसलं की वॉचमन ओळखायला लागतो, म्हणून चालायचं. मुलाखतीचे फोनही रस्त्यावरच घ्यायचे.

काकांनी मालकांकडे बूट नेऊन दिला आणि सांगितलं, माल खराब निघाला. मालकांना माल कळतो. त्यांनी सोल पाहिला, मुलाकडे पाहिलं आणि नवा जोड द्यायला सांगितलं.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, साठीच्या एक बाई आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक मोजा काढून माझ्यासमोर ठेवला. राखाडी, निळ्या रेघेचा. टाचेची नुसती जाळी उरली होती.

"असेच आहेत का? माझ्या मुलानं इथून नेले होते. निखिल. खराडीला असतो ऑफिसात."

मी काकांकडे पाहिलं. काका बिलबुकात पाहत होते.

मी म्हटलं, आहेत, पण यापेक्षा जाड टाचेचे आलेत, ते टिकतील.

"नको. अगदी हेच द्या. बदललेले त्याला कळायला नकोत."

मी तीन जोड काढले. त्यांनी मोजा परत हातात घेतला, त्या टाचेतून बोट आरपार गेलं. मी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "तीस वर्षं वॉर्डात फिरले मी. माझे असेच झिजायचे. खुर्चीवर बसणाऱ्याचे असे झिजत नाहीत."

मी मोज्यांची लेबलं कापून टाकली. त्या थांबा म्हणाल्या आणि लेबलाचा राहिलेला दोरा स्वतः उपसून काढला.

"दोनदा धुऊन मग ठेवते कपाटात," त्या म्हणाल्या. "नवे दिसले तर विचारेल."

दारापर्यंत गेल्या आणि फोन वाजला. त्यांनी स्क्रीन पाहिली, घसा साफ केला आणि आमच्याकडे पाठ केली.

"हां, बोल बाळा. मी? घरीच आहे, पडले होते जरा. डबा खाल्लास का?" पलीकडचं बोलणं त्या ऐकत राहिल्या. रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न दुकानात येत होते, फोनमधूनही येत असावेत. "बरं. आणि तुमच्या तिथे एसी फार असतो ना, तर स्वेटर घालून बस."

फोन पिशवीत ठेवून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात उतरल्या.