तबकडीखालचा ‘ध’

दिवाळे गावाहून म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन येणाऱ्या चांगुणाबाईनं आमच्या वाशीच्या सोसायटीत बोंबलांबरोबर एक बातमीही वाटली. “त्या मोहितीनीचे घरान वीस घड्याला हान, नि नवरा एकच हाय.” एवढं मिळाल्यावर पुढचं काम आमचं. मोहितेबाई दर दुसऱ्या शुक्रवारी किरकोळ रजा टाकते, इस्त्रीची साडी नेसते, खाडीपूल ओलांडून मुंबईला जाते. तिथे म्हणे एक शेठ आहे. तो दर भेटीला सोन्याचं घड्याळ देतो. यातला शेठ माझा. म्हणजे गोष्टीत मी घातलेला.

आता खरं सांगतो. शेठ कोणी नव्हता. शुक्रवारी चोरबाजारात जुन्या मालाच्या पथाऱ्या पसरतात, तिथे सुनीतीवहिनी, म्हणजे हीच मोहितेबाई, उकिडव्या बसून घड्याळं चिवडायच्या. घड्याळंही कसली, तर कोटाच्या बाहीखाली अलगद सरकतील अशी चपटी स्विस घड्याळं. रुपयाच्या नाण्याहून थोडी जाड, तारीख नाही, वार नाही, दोन सुईसारखे काटे आणि खाली सेकंदाचं पिटुकलं वर्तुळ. बॅरिस्टर, संस्थानिक, बँकेचे गोरे साहेब अशांच्या मनगटावरून उतरलेली. वहिनींच्या स्वतःच्या हातात मात्र साधं एचएमटी.

वहिनी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट आणि अरविंद मोहिते तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर. अशा घरात हा राजेशाही शौक कशाला, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण पोटात काही ठेवायची मला सवय नाही.

वहिनींचे वडील धर्मराज तांबे, मूळचे खेडकडचे. फोर्टातल्या एका मोठ्या घड्याळाच्या दुकानात ते हेड कारागीर होते. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर मागच्या झाकणाच्या आतून सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतो. पुढच्या कारागिराला कळावं, कोणी कधी उघडलं होतं. तांबे मात्र सोन्याच्या झाकणाला सुई लावत नसत. सोन्यावर ओरखडा काढायला त्यांचा हात होत नसे. ते तबकडी काढून तिच्याखाली मशीनच्या पत्र्यावर कोरत, ‘ध’ आणि तारीख. तिथे मालकाची नजर जायचं कारणच नव्हतं.

मार्च बासष्टमध्ये एका बॅरिस्टरचं सोन्याचं घड्याळ सफाईला आलं आणि परत गेलं ते आत भलतंच हलकं मशीन आणि तशीच दिसणारी दुसरी तबकडी घेऊन. बोभाटा झाला. दुकानाच्या मालकानं सगळ्या कारागिरांसमोर झाकण उघडलं. आत तांब्यांची खूण नाही. मालक म्हणाला, बघा, चोरानं सही करायचंसुद्धा टाळलं. तांबे सांगत राहिले की माझी खूण खऱ्या मशीनवर आहे, ते मशीन शोधा. कोण शोधतो? मालकानं त्यांच्या डोळ्याचं भिंग काढून घेतलं आणि फोर्टातल्या अकरा दुकानांना निरोप धाडला. त्यानंतर त्यांना कुठेही कामाला बाक मिळाला नाही. परळच्या फुटपाथवर घड्याळांचे पट्टे बदलत बसले आणि एकाहत्तर साली गेले. चोर म्हणूनच गेले.

तेव्हापासून मुलीला एकच घड्याळ हवं होतं. त्या जातीचं दिसेल ते घ्यायचं, घरी आणून तबकडी उचलायची आणि खाली बघायचं. शोधता शोधता हातही तयार झाला. वीसपैकी सहा घड्याळांत ‘ध’ सापडला, पण तारखा दुसऱ्या. ती सहा त्यांनी बाबांच्या फोटोखाली ठेवली होती. चौदा तीन बासष्ट, म्हणजे त्या बॅरिस्टरच्या घड्याळाची तारीख, काही मिळेना.

तो मालक कोण? तर आमच्या सोसायटीचे चेअरमन, श्रीयुत श्यामसुंदर धुरंधर. दुकान विकून एकोणऐंशी साली वाशीला आले. वहिनींनी त्यांचा पत्ता काढला आणि ब्याऐंशीत नवऱ्यामागे लकडा लावून इथेच फ्लॅट घेतला. तोही असा की स्वयंपाकघराची खिडकी चेअरमनच्या बाल्कनीसमोर. तांब्यांची मुलगी मोहिते झाली होती, त्यामुळे चेअरमनना पत्ता नाही. ते रोज सकाळी बाल्कनीत दाढी करायचे आणि समोर वहिनी चहा उकळत त्यांच्याकडे बघायच्या. मला वाटायचं, चेअरमनवर डोळा आहे. तशी एक बारीकशी पुडीही मी सोडली होती.

चौऱ्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीला चेअरमननी झेंड्याची दोरी ओढली, बाही वर सरकली आणि वहिनींना चौकोनी सोन्याच्या घरातली गोल तबकडी दिसली. नऊच्या आकड्याशेजारी तिळाएवढा काळा डाग. बॅरिस्टरच्या तबकडीवरचा हा डाग बाबांनी त्यांना शंभरदा सांगितला होता. चोरलेलं मशीन तबकडीसकट नव्या घरात बसवलेलं होतं. मी शेजारीच उभा होतो. राष्ट्रगीत संपलं तरी वहिनी सावधानमध्येच.

दुसरी कोणी असती तर तिथेच गळा धरला असता. वहिनींनी दोन वर्षं काढली. नुसत्या डागानं काय होतं? घड्याळ चारचौघांत उघडायला हवं आणि तेही त्यानं आपण होऊन हातात दिलेलं हवं. एक दिवस भरल्या पापलेटाची ताटली घेऊन त्या माझ्याकडे आल्या. “भावजी, तुमी सेक्रेटरी. ऑफिसातलं घड्याळ तेवढं दोन मिनिटं पुढे करा. आणि चेअरमनचं घड्याळ मागे पडतं, असं तुमी कोणाला सांगू नका.”

मी कोणाला सांगू नये, अशी गोष्ट सोसायटीत पोचायला दीड दिवस लागतो. वहिनींना हे पक्कं ठाऊक होतं.

चेअरमनचा सगळा रुबाब त्या घड्याळावर. मीटिंग त्यांच्या मनगटावर सुरू व्हायची, पाण्याचा पंप त्यांच्या मनगटावर बंद व्हायचा. आता ते आले की लोक भिंतीकडे बघून गालात हसायचे. पंपवालाही म्हणाला, साहेब, तुमचं जरा स्लो हाय. महिन्याभरात माणूस रडकुंडीला आला. फोर्टात न्यायला तयार नाहीत, तिथले कारागीर जुने आणि डोळस. शेवटी स्वतःच म्हणाले, मोहितेबाईंना यातलं कळतं म्हणे, जरा बघतील का?

माणूस दुकानदार होता, कारागीर नव्हता. आयुष्यभर घड्याळं विकली, पण तबकडीखाली काय असतं ते कधी वाकून पाहिलं नाही. तांब्यांची खूण म्हणजे त्याला थाप वाटली होती. तिथेच फसला.

वहिनी म्हणाल्या, बघते, पण घरी नाही. ऑफिसात, कमिटीसमोर. नंतर मशीन बदललं म्हणाल. चेअरमन मोठ्यानं हसले. त्या हसण्यात काहीतरी अडकलं होतं, पण सात माणसांसमोर नाही कसं म्हणणार?

शहाऐंशीच्या श्रावणातला रविवार होता. वहिनींनी टेबलावर पांढरा रुमाल अंथरला. झाकण काढलं, मशीन बाहेर घेतलं, चिमट्यानं काटे उचलले, बाजूचे दोन स्क्रू सैल केले आणि तबकडी अलगद उतरवली. स्वतः भिंग लावलंच नाही. ते त्यांनी रावसाहेबांपुढे धरलं. रावसाहेब रिटायर्ड हेडमास्तर, आमच्यात एकटेच असे की ज्यांच्या शब्दावर कोणी शंका घेत नाही.

“काय दिसतंय ते मोठ्यानं वाचा, गुरुजी.”

रावसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. “ध,” ते म्हणाले. “चौदा. तीन. बासष्ट.”

मी चेअरमनकडे बघत होतो. माणसाचा चेहरा आतून रिकामा होताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

मग वहिनींनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. आवाज चढवला नाही. धुरंधर पुटपुटले की मी हे बाहेरून घेतलं होतं, मला काय माहीत. रावसाहेबांनी विचारलं, कोणाकडून? तेव्हा धुरंधर म्हणाले, पंचवीस वर्षं झाली, म्हातारा गेला, आता पोलीस बोलावून काय मिळणार? वहिनी म्हणाल्या, पोलीस नको. पत्र लिहा. मी टाईप करते.

त्यांनी सांगितलं तसं पत्र झालं. मशीन मी बदललं, धर्मराज तांबे निर्दोष होते, खाली सही. अकरा प्रती. पुढच्या शुक्रवारी वहिनी चेअरमनना बसनं फोर्टात घेऊन गेल्या. साक्षीला मी होतोच, रजा टाकून. अकरापैकी सात दुकानं उरली होती. प्रत्येक गल्ल्यासमोर त्यांनी धुरंधरांना उभं राहून पत्र वाचायला लावलं. तिसऱ्या दुकानात त्यांचा आवाज बसला, तेव्हा वहिनींनी त्यांना पाणी पाजलं आणि चौथ्यात नेलं. पाचव्यात एक म्हातारा कारागीर बाकावरून उठला, वहिनींपाशी आला आणि हात जोडून उभा राहिला. वहिनींनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं. सहाव्यात पुन्हा होत्या तशा.

वाटलं होतं, घड्याळ त्या ठेवून घेतील. नाही. बॅरिस्टरच्या मागे कोणी उरलं नव्हतं, म्हणून वहिनींनी ते जोडून, तेल घालून, सेकंदासेकंदाला बरोबर लावून धुरंधरांना परत दिलं. वर बजावलं, रोज घालायचं, मी खिडकीतून बघते. धुरंधर घालायचे. वेळ विचारली तर मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. दिवाळीआधी त्यांनी चेअरमनपद सोडलं आणि नेरूळला घर बघायला लागले.

सामान हलायच्या आदल्या दिवशी धुरंधरांची बायको, जयमालाकाकू, वहिनींकडे आल्या. बिचाऱ्यांना त्या रविवारपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं. वहिनींच्या समोरच असलेल्या आमच्या दाराला फट आहे, तिचा मी मान राखला. काकू रडत होत्या. म्हणाल्या, ते जेवत नाहीत गं, झोपत नाहीत, आता तरी त्यांना माफ कर.

वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, “काकू, माफी द्यायची ती बाबांनी. साहेबांची आणि त्यांची भेट होईल, तेव्हा साहेबांनी स्वतःच मागावी.”