बापूंनी गाळलेला प्रवेश

शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी कागलच्या घरी जोंधळे निवडत बसले होते. वहिनी सकाळच्या कधी फोन करत नाहीत. "महादेवी, ह्ये गेलं गं..." एवढंच म्हणाल्या, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता त्यांच्या घरातला आवाज येत राहिला. कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, कुणीतरी गाडीचं विचारत होतं. मी एसटीनं कसबा बावड्याला पोचले तोवर बापूंना अंगणात आणून ठेवलं होतं. जुन्या विद्यार्थ्यांनी गल्ली भरली होती. डोक्यावरचे केस गेलेली, पोट सुटलेली मुलं एकमेकांना सांगत होती, इतिहास शिकवावा तर बापूंनी. त्यांच्या नाटकाचं मात्र कुणी काढलं नाही. ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांनाही ते धडपणे ठाऊक नव्हतं, कारण बापूंनी लिहिलं होतं तसं ते कुणी पाहिलंच नाही. तेच सांगावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आनंदराव चौगुले हे त्यांचं नाव, पण शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे त्यांना बापूच म्हणत. मी त्या शाळेत लागले तेव्हा माझे वडील नुकतेच गेले होते. घरी अव्वा, म्हणजे माझी आई, आणि दोन धाकटी भावंडं. माझी नेमणूक तात्पुरती, दर वर्षी नव्यानं व्हायची. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची बापूंची, आणि तिच्या शेजारची रिकामी असायची, कारण बापू मोठ्यानं बोलत आणि वाद घालत. मी नवी, मला ते माहीत नव्हतं. मी तिथं जाऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पन्हाळ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. राजा ऐन तरुणपणी गेला, पोर लहान, गनीम दाराशी, आणि विधवा राणीनं मुलाच्या नावानं कारभार हाती घेऊन राज्य तगवलं. मग धोका सरला आणि गडावरच, आपल्याच माणसांत, वारं फिरलं. दुसऱ्या राणीचा मुलगा गादीवर आला, आणि जिनं राज्य राखलं तिला लेकासकट कैदेत ठेवलं. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं. बापू त्या दोन ओळींपाशी आयुष्यभर थांबून राहिले. म्हणायचे, "लढाईत राज्य जात न्हाई पोरी. दोन माणसं दाराआड बोलाय लागली की राज्य जातंय."

त्याच सुमाराला आमच्या शिक्षणसंस्थेतही बदल होत होता. संस्था काढणारे जुने साहेब वारले आणि त्यांचा मुलगा, धाकटे साहेब, खुर्चीवर आले. माणूस वाईट नव्हता. पुण्यात शिकलेला, मऊ बोलणारा. पण त्यांच्याभोवती हळूहळू चार माणसं जमली. त्यांचे मेव्हणे, एक कंत्राटदार, ऑफिसातले मोठे क्लार्क आणि आणखी एक लांबचे पाहुणे. साहेबांना कोण भेटणार, कुठला अर्ज पुढे जाणार, कुणाची बदली होणार, सगळं या चौघांत ठरू लागलं. जुन्या साहेबांच्या वेळी बापू चप्पल बाहेर काढून थेट आत जायचे. आता त्यांना बाहेरच्या बाकावर बसावं लागे. एकदा तसेच तासभर बसून परत आले आणि मला म्हणाले, "दरबार भराय लागलाय गं." हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात बापूंनी पन्हाळ्यावरचं नाटक लिहिलं. एका नाट्यस्पर्धेसाठी आमचीच शिक्षकांची आणि माजी विद्यार्थ्यांची मंडळी उभी राहिली. राणी मी, आणि कारभारी स्वतः बापू. इतिहासात कुणी नेमकं काय केलं यावर वाद आहेत, म्हणून त्यांनी कारभाऱ्याला नावच दिलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशात पहाटे तो राणीच्या महालात येतो. तिला अजून काही कळलेलं नाही. तो नेहमीसारखा मुजरा करतो आणि शांतपणे सांगतो की कारभार फिरला आहे, बाहेर पहारा बदलला आहे, आणि हे सगळं तिच्या आणि बाळराजांच्या भल्यासाठीच केलं आहे, नाहीतर रक्त सांडलं असतं. राणी रडत नाही, ओरडत नाही. एवढंच विचारते, "मला विचारलंत?" आणि पडदा. ते दोन शब्द माझ्याकडून बसत नव्हते. मी कधी चिडून म्हणे, कधी रडवेली होऊन. बापू तालीम थांबवून सांगायचे, "राग न्हाई, रडं न्हाई. खरंच इचार. तुला खरंच जाणून घ्यायचं हाय." एका संध्याकाळी ते मला सापडलं. बापू मुजऱ्यात वाकले होते ते तसेच राहिले.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्यांनी बापूंना चहाला बोलावलं. बापूंनी नंतर मला सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. आधी पाहुणचार झाला. मग मेव्हणे म्हणाले, राणीला कैदेत दाखवलंत तर लोकांच्या भावना दुखावतील. बापू म्हणाले, शाळेच्या पुस्तकात आहे ते. मग मेव्हण्यांनी खरं काय ते काढलं. म्हणाले, नाटकात गादीवर बसवलेलं ते भोळं पोर आणि त्याच्या भोवतीचे कारभारी दाखवलेत, ते कोण आहेत हे न समजायला लोक खुळे नाहीत. बापूंनी शपथेवर सांगितलं की हे आपण तीस वर्षं मनात घोळवतोय, तुमच्यावर लिहिलेलं नाही. ते ऐकून घेऊन मेव्हण्यांनी विचारलं, त्या कागलच्या बाईंच्या कायम नेमणुकीचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे ना? बास, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही... शेवट तेवढा बदला म्हणाले, आणि चहा आणखी देऊ का विचारलं.

मी बापूंना म्हटलं, जाऊ दे नोकरी. दुसरी बघेन. प्रयोग आहे तसाच करू. ते म्हणाले, अव्वाचं काय, भावंडांचं काय? मी म्हटलं, ते माझं मी बघते. ते "बरं" म्हणाले, आणि मला वाटलं ठरलं. दोन दिवस तालमीला ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवा शेवट घेऊन. त्यात कारभारी नव्हता, महाल नव्हता. राणी तलवार उपसून गडाच्या दरवाजातून बाहेर पडते, नगारे वाजतात, पडदा. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं की वेळेत बसत नव्हतं म्हणून कापलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

प्रयोग जोरात झाला. तलवार उपसली तेव्हा शिट्ट्या पडल्या, लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत धाकटे साहेब आणि शेजारी मेव्हणे, दोघंही टाळ्या वाजवत होते. पडदा पडल्यावर मी मेकअपसकट बापूंच्या खोलीत गेले. पगडी हातात घेऊन ते आरशासमोर बसले होते. मी दारातच उभी राहून म्हणाले, "मला विचारलंत?"

मला ते वाक्य मुद्दाम म्हणायचं नव्हतं. तेच तोंडात आलं. राग नव्हता, रडू नव्हतं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. बापू उठून उभे राहिले. मग पगडी टेबलावर ठेवून ते तसेच मागच्या दारानं बाहेर गेले.

माझी नेमणूक कायम झाली. अव्वाच्या आजारपणाचा खर्च निघाला, भावंडं शिकली, आज माझी पेन्शन चालू आहे. हे सगळं त्या गाळलेल्या प्रवेशावर उभं आहे, आणि ते मी कधी नाकारलं नाही. पण बापूंनी त्यानंतर नाटक लिहिलं नाही. कुणी विचारलं की म्हणत, "व्हतंय कुठं आता." आम्ही स्टाफरूममध्ये शेजारीशेजारी बसत राहिलो, डबा वाटून खात राहिलो. वर्गात ते तोच पन्हाळा शिकवायचे, पण त्या दोन ओळी आल्या की पान उलटायचे. हे मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

पुढे धाकट्या साहेबांचंही त्या राणीसारखंच झालं. त्याच चौघांनी सभासद फिरवले, आणि एका सर्वसाधारण सभेनंतर मेव्हणे अध्यक्ष झाले. साहेब घरी बसले. बापू निवृत्त झाल्यावर साहेब त्यांच्याकडे अधूनमधून येऊन बसायचे. एकदा मीही तिथं होते. बोलण्यात नाटक निघालं, तेव्हा बापूंनी त्यांना मूळ शेवट सांगितला. चहाला बोलावणं, माझा कागद, सगळं. साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. माझा कागद त्यांच्या टेबलावर कधी आला होता हेही त्यांना आठवेना. सह्या करायला कागद यायचे, ते करायचे. ते म्हणाले, "बापू, तो शेवट मी बघायला पाहिजे होता." बापू म्हणाले, "व्हय साहेब. तुमीच बघाय पायजे हुता."

नंतर बापूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. वर्गाच्या दोन भिंतींपलीकडे ज्यांचा आवाज जायचा, त्यांचं बोलणं आता कानाजवळ वाकल्याशिवाय कळत नसे. त्यांच्या जाण्याआधी काही आठवडे मी भेटायला गेले होते. ती शेवटची भेट. वहिनी आत भात लावत होत्या. बापूंनी छताकडे बघत, एकेक शब्द सोडवत विचारलं, "तवा... नोकरी गेली असती... तर निभावलं असतं?"

मी खोटं बोलू शकले असते. आजारी माणसाला बरं वाटेल असं काहीतरी. पण ज्या माणसानं मला खरं विचारायला शिकवलं त्याला खोटं उत्तर कसं द्यायचं? मी म्हणाले, "नसतं निभावलं बापू. पण ते मी ठरवायचं होतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डावा हात माझ्या हातावर आला. "व्हय," ते म्हणाले. "ते तू ठरवायचं हुतं." पाणी डोळ्यांतून कानाकडे ओघळत गेलं, आणि उजवा हात हलत नाही, डावा माझ्या हातावर, म्हणून त्यांना ते पुसता येईना. मी पुसलं. वहिनींनी भात वाढला, मी बापूंना भरवला, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघाले.

दिवसकार्य उरकून महिना होत आला तेव्हा परवा वहिनींकडे गेले होते. पलंग हलवला आहे. त्यांचा मुलगा बंगळूरला परत गेला. वहिनी एकट्याच आहेत. इकडचंतिकडचं बोलून झालं, दिवेलागण झाली, आणि त्या मला स्टॉपपर्यंत सोडायला निघाल्या. बाहेरच्या खोलीतला लाईट त्यांनी घालवला आणि तिथंच उभ्या राहिल्या, भिंतीला हात लावून. मला वाटलं चक्कर आली. विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई गं. ह्यांची सवय. लाईट घालवली की लगेच हलायचं न्हाई म्हणायचे. डोळं सरावू देत, मग पाऊल टाक. जल्मभर चिडलो मी त्यास्नी, उशीर हुतोय म्हणून. आता माझंच पाय उचलत न्हाईत."

रंगमंचावर अंधार झाला की नट असाच जागचा हलत नाही. आम्हालाही बापूंनीच शिकवलं होतं ते. मी वहिनींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि गेली. हळूहळू आधी दार दिसायला लागलं, मग उंबरा... तरी आम्ही दोघी थोडा वेळ तशाच थांबलो.