तिकिटामागची बाकी

दर्यापूर-अकोला गाडीवर मी कंडक्टर. अर्धं आयुष्य सुट्ट्या पैशांच्या भांडणात गेलं, म्हणून मोबाईलवरची ती क्रिप्टो नाणी मला भारी वाटली. ना नोट, ना चिल्लर. दोन वर्षं पगारातून थोडी थोडी घेत गेलो आणि गाडीत लोकांना शहाणपण शिकवत गेलो, "पाहा तुमी, उद्या तिकीट याच्यातच फाटन." खरं सांगू? भाव चढला की छाती फुगायची, उतरला की घास उतरायचा नाही. याला कोणी पैसा म्हणतं काय? पण तेव्हा अक्कल गहाण टाकली होती.

बायकोच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन अकोल्याला ठरलं. दोन दिवस आधी मी बरीचशी नाणी मोबाईलवरूनच एका अनोळखी माणसाला विकली. पैसे लगेच खात्यात आले. लय खूश झालो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायको दवाखान्यात भरती होती, पोरगी तिच्याजवळ होती, म्हणून मी ड्युटीवर गेलो.

दुपारी गाडी अकोला स्टँडवर लागली अन् पोरीचा फोन आला. "बाबा, आईले लय रक्त जाऊन राहिलं. इंजेक्शन आत्ताच पायजे म्हणते डॉक्टर."

परतीच्या फेरीला चाळीस मिनिटं होती. मी दवाखान्याखालच्या मेडिकलवर पळालो. इंजेक्शनचे दोन हजार सहाशे. मोबाईलनं स्कॅन केलं, पैसे गेले नाहीत. पुन्हा केलं, तेच. बँकेला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, तुमचं खातं थांबवलं आहे. मला आलेले पैसे नाणी घेणाऱ्या त्या माणसानं कुणाला तरी फसवून काढले होते, आणि दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी माझंच खातं बंद केलं होतं. पगारही त्याच खात्यात. आता पोलीस मलाच चोर म्हणतील, आणि वर बायको मरून जाईल, एवढंच डोक्यात.

उरलेली नाणी मी मेडिकलवाल्याला दाखवली. मोबाईलवर चाळीस हजार दिसत होते.

"भाऊ," तो म्हणाला, "याच्यात डोकेदुखीची एक गोळी तरी येते काय?"

काखेत बॅग होती. सकाळपासूनच्या तिकिटांचे पैसे तिच्यात. ड्युटीवर चढताना आपल्या खिशातले पैसे लिहून द्यावे लागतात, मी एकशे वीस लिहिले होते. बॅगेत एक नोट जरी कमी भरली तर नोकरीवर गदा. बावीस वर्षांत मी त्यातून चहासुद्धा प्यायलो नव्हतो. मी चेन उघडली. बोटं नोटांवर टेकली होती.

"भाऊ, हात काढा त्याच्यातून," मेडिकलवाला एकदम म्हणाला. "माही माय तुमच्याच गाडीनं येते. सुट्टे नसले की तुमी तिकिटाच्या मागं बाकी लिहून देता. तिची कधी बुडवली काय? मंग मले बी लिहून द्या."

खिशात एक जुनं तिकीट चुरगळून पडलं होतं. त्याच्या मागं २६०० बाकी असं लिहिलं, सही केली. आकडा दोनदा गिरवला. त्यानं ते गल्ल्यात ठेवलं आणि इंजेक्शन दिलं. पोरगी जिन्यातच उभी होती, हिसकून घेऊन वर पळाली. मला तिच्यामागं वर जाता येईना. गाडी भरली होती, वेळ झाली होती.

फाट्यावर चेकर चढले. तिकिटं तपासली, मग बॅग मागितली. ते नोटा मोजत होते आणि मी फोनकडे पाहत होतो. वाजत नव्हता. देवा, वाज ना बापा! ते शेवटची चिल्लर मोजत होते तेव्हाच वाजला.

"थांबलं, बाबा," पोरगी म्हणाली. "आई बोलून राहिली."

मी तिथंच, लोकांदेखत, हुंदके द्यायला लागलो. चेकरनं बॅग परत दिली. "हिशोब तं बरोबर हाय. मंग काहून रडून राहिले?"

"बरोबर हाय म्हणूनच, साहेब," मी म्हटलं.