तो फोन मी केला नव्हता

माझ्या तोंडून तुम्ही बरेच आवाज ऐकले असतील. तारिहाळला आमच्या कारखान्यातला सुपरवायझर, धारवाडच्या बसचा कंडक्टर, शाळेतल्या कन्नडच्या बाई — सगळे येतात मला. ही गोष्ट मात्र कुणाच्याच आवाजात बाहेर आलेली नाही. माझ्या तर नाहीच. आज सांगतो. मध्येच चेष्टा करायला लागलो तर समजा, मी पळतोय.

विन्यापासून सुरू करतो. नको — बँडपासून करतो, ते सोपं आहे.

नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. चार पोरं, गाणी अर्धी कन्नड, अर्धी हिंदी. गाणाऱ्याचा आवाज बसलेला, जागरण झाल्यासारखा, आणि ओळ संपली की एक बारीक खोकला. तो खोकला बसवायला मला दोन महिने लागले. आईनं तर मला सुंठ उगाळून दिली होती.

त्या बँडची एक रीत आहे. ज्या गावात जातील तिथल्या एखाद्या वाजवणाऱ्याला एका गाण्यापुरता स्टेजवर बोलावतात. गाण्याच्या मधे सगळे थांबतात, आणि तो एकटा वाजवतो. बेळगावात एका मावशींनी चौडकी वाजवली होती. त्याचा व्हिडिओ मी आणि विन्यानं किती वेळा बघितला असेल!

विन्या म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हा कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसून संबळ वाजवणार. त्यांच्या घरच्या लग्नात गोंधळ घालायला येणाऱ्या मामांनी शिकवलेलं. त्याचे अप्पा ओरडायचे, "विन्या, देवी आली काय रे अंगात? ते पडद्याचं कापड काढ!" बँडच्या गाण्यांवर संबळ वाजवून तो व्हिडिओ टाकायचा आणि खाली आपला नंबर लिहायचा. मी हसायचो. नंबर कशाला लिहितोस? तर म्हणे, "बोलवायचं झालं तर शोधत बसतील काय?"

आणि मी त्याला फोन करायचो. गाणाऱ्याच्या आवाजात. तीनदा केला, दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून. एकदा म्हणालो, स्टेशनवर उतरलोय, भूक लागलीय, गिरमिट घेऊन ये. विन्या चप्पल घालून रस्त्यावर आला होता, मग मला हसू आवरलं नाही. तिन्ही वेळा शेवटी पकडला त्यानं मला. कुठंतरी माझा आवाज घसरायचाच.

मग बँड आमच्याच हुबळीला येणार असं कळलं. शनिवारी संध्याकाळी, विद्यानगरात, मैदानावर. आम्ही पहिल्या दिवशीच पास काढले.

गुरुवारी संध्याकाळी उणकलच्या तळ्यावर भेटलो. विन्या लांबूनच टाळ्या वाजवत आला. "ए मंग्या, आज मानलं तुला! आज केसाएवढासुद्धा फरक नव्हता. खोकला काय, श्वास काय. मी म्हटलं पुरे कर, दुकानात गिऱ्हाईक हाय, आणि ठेवला. खरं सांग, कुणाच्या फोनवरून केलतास?"

मी केला नव्हता.

त्या दिवशी मी सकाळपासून कारखान्यात होतो. फोन गेटवर जमा.

आता मी काय म्हणायला पाहिजे होतं? तीनच शब्द. पण विन्या माझ्याकडं असा बघत होता — एवढ्या वर्षांत माझ्या नकलेकडं असं कुणी बघितलं नव्हतं. मी मान वाकवली, छातीवर हात ठेवला, आणि म्हणालो, "सिक्रेट आहे ते."

इथपर्यंत मी स्वतःलाही सांगत आलोय, की मला कुठं माहीत होतं? दुसऱ्याच कुणी केली असेल चेष्टा. पण गावात तो आवाज काढणारा मी एकटा. हे मला माहीत होतं. मी विचारलं, "काय काय बोललो सांग की, माझंच मला ऐकू दे." तो सांगायला लागला — शनिवारी चारला संबळ घेऊन ये, आमच्याबरोबर एकदा वाजवून बघ, गेटवर तुझं नाव दिलंय. तो सांगत होता आणि मी मनात एकेक मोजत होतो. चार वाजता. गेटवर नाव. एवढं नीटनेटकं मला कधी सुचलं असतं काय?

आणि मग — हे लिहिताना मी दोनदा उठून आलो — मी म्हणालो, "फोन दे रे तुझा, एक गंमत दाखवतो." त्यानं दिला. तो मला नेहमीच देतो. मी तो नंबर ब्लॉक केला, आणि यादीतनं काढून टाकला. मग कुठलातरी माकडाचा व्हिडिओ लावून फोन त्याच्या हातात दिला. तो हसला.

का केलं? विन्या स्टेजवर आणि मी खाली, हे चित्र मला बघवेना. दुसरं काही नाही.

शनिवारी आम्ही सहाला गेलो. विन्या संबळ घरी ठेवून आला होता, नवा शर्ट घालून.

तुम्ही म्हणाल, मला कार्यक्रम कसला लागतोय गोड? पण लागला. खोटं कशाला बोलू. पहिला ठोका पडला आणि तो कानात नाही, बरगड्यांत वाजला. शर्टाचं कापड थरथरताना मी बोट लावून बघितलं. गाणारा पुढं आला, "नमस्कार्री हुब्बळ्ळी," म्हणाला, आणि मैदान असं उसळलं की माझे पाय मी न उचलता उचलले गेले. मी कुणालाही ऐकलं की माझी जीभ आपोआप हलायला लागते, हे कसं काढायचं म्हणून. त्या दिवशी ती हलली नाही. तो आवाज फोनवरून, कानातल्या वायरींतून जेवढा येत होता, तेवढाच मी उचलला होता. समोर उभा राहून ऐकलं तेव्हा कळलं की त्याच्याखाली अजून केवढा मोठा आवाज आहे. शेजारची एक अक्का रडत होती, तिचा नवरा तिच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःच रडत होता. मीही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. देवळात कधी असा उभा राहिलो नाही.

मग ते गाणं आलं. मधे सगळे थांबले. गाणारा माईकजवळ येऊन कन्नडमध्ये म्हणाला, "तुमच्याच गावच्या एका कलाकाराला बोलावलं होतं. त्याला जमलं नाही. पण ही जागा त्याची आहे, आम्ही ती भरणार नाही." आणि चौघंही खरंच गप्प उभे राहिले. एवढं मोठं मैदान गप्प. स्टेजवर एका मोकळ्या जागेवर उजेड पडलेला.

विन्या माझ्या कानाशी आला. "कोण शहाणा असंल रे हा? जमलं नाही म्हणे! असल्याला ना, धरून हाणायला पाहिजे."

त्याला शंकासुद्धा आली नाही. कारण फोन मी केला होता, असं मी सांगितलं होतं.

आणि त्या शांततेत तो समोरच्या लोखंडी कठड्यावर बोटांनी वाजवायला लागला. हळूच. डोळे मिटून. जेवढी जागा त्यांनी सोडली होती तेवढीच बरोब्बर भरली त्यानं, शेवटचा ठोका कठड्यावर पडला आणि त्याच क्षणी स्टेजवर सगळी वाद्यं परत सुरू झाली. एवढं सुंदर मी आजवर काही ऐकलेलं नाही. मैदानात ते फक्त मी ऐकलं.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. स्टेज पन्नास पावलांवर होतं. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि पुढचं गाणं म्हणायला लागलो.

याला आता वर्ष होत आलं. विन्या दुकानात बसतो, व्हिडिओ कमी टाकतो. चारचौघं दोस्त जमले की हटकून म्हणतो, "ए, तो फोन करून दाखव यांना!" मी करून दाखवतो. चारला ये, संबळ घेऊन ये, गेटवर तुझं नाव दिलंय. सगळे पोट धरून हसतात. विन्या सगळ्यात जास्त हसतो, आणि दर वेळी वर म्हणतो, "त्या दिवशी फोनवर याच्यापेक्षा लई भारी केलतंस बघ."

मी म्हणतो, हो.